प्रकल्प नोंदी : हा बाइट कुठे बसलाय?

६ जानेवारी २०२५, सोमवार

आमच्या क्लायंट लायब्ररीच्या दस्तऐवजातलं पूर्णांकांचं प्रकरण आजपासून नव्याने लिहायला घेतलं. ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड, मारियाडीबी आणि मायएसक्यूएल या दोन्ही डेटाबेस सर्व्हरशी थेट त्यांच्या नेटवर्क प्रोटोकॉलमध्ये (बोलण्याच्या ठरलेल्या नियमांत) बोलते. मारियाडीबी २००९ मध्ये मायएसक्यूएलमधून वेगळी झाली, तरी पॅकेटची, म्हणजे एकत्र पाठवलेल्या बाइटांच्या गठ्ठ्याची, मूळ घडण दोघींची सारखीच राहिली. त्यामुळे एकाच प्रकरणात दोन्ही मावतात.

जुनं प्रकरण म्हणजे एक तक्ता: प्रकाराचं नाव, किती बाइट, जास्तीत जास्त किंमत. त्यात चूक एकही नाही. पण डिसेंबरात आलेल्या दोन इंटर्ननी तो वाचून पूर्णांक वाचायचं फंक्शन लिहिलं आणि ते पहिल्याच पॅकेटवर अडलं. एक बारामतीची, एक साताऱ्याचा, दोघंही डिप्लोमा करून आलेले, हुशार. तक्ता त्यांनी पाठच केला होता. मी दोघांना विचारलं, "वाचताना सगळ्यात जास्त कुठे थांबलात?" मुलगी म्हणाली, "ताई, किती बाइट वाचायचे ते तक्ता सांगतो. पण कुठला प्रकार वाचायचाय ते आधी कळणार कसं?"

हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. प्रकरण मराठीत असेल, आणि या प्रश्नाचं उत्तर देईल.

८ जानेवारी, बुधवार

बाइट पकडायची सोय लावली. सर्व्हर माझ्याच लॅपटॉपवर, टीएलएस (बाइट गुप्त करणारी सोय) बंद, पॅकेटं पकडून दाखवणारं वायरशार्क लूपबॅकवर (लॅपटॉपच्या आतल्याच नेटवर्कवर), पोर्ट ३३०६. तासभर एकही पॅकेट दिसेना. होस्ट म्हणून 'लोकलहोस्ट' लिहिलं की क्लायंट टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने, जातच नाही, युनिक्स सॉकेट ही यंत्राच्या आतली वेगळी वाट धरतो. १२७.०.०.१ लिहिलं आणि पॅकेटं धडाधड दिसू लागली. ही सूचना प्रकरणाच्या अगदी सुरुवातीला टाकली. जो स्वतःच्या डोळ्यांनी बाइट बघेल त्याला पुढचं सगळं सोपं जाईल.

एक निर्णय घेतला: प्रकरणात बाइट दशमान पद्धतीत लिहायचे, म्हणजे ० ते २५५. कोडमध्ये हेक्स (सोळाच्या पायाची पद्धत) भेटणारच, म्हणून शेवटी जुळवणीचा तक्ता देईन. पण शिकताना २५० च्या लगेच पुढे २५१ येतो हे डोळ्यांना दिसायला हवं. 'एफए'च्या पुढे 'एफबी' बघून ते एकदम जाणवत नाही.

पहिलं उदाहरण सगळ्यात लहान क्वेरीचं (सर्व्हरला केलेल्या विचारणेचं), 'सिलेक्ट १'. रोमन लिपीत मोकळी जागा धरून ही आठ अक्षरं होतात. क्लायंटने पाठवलेलं पूर्ण पॅकेट असं:

९, ०, ०, ०, ३, ११५, १०१, १०८, १०१, ९९, ११६, ३२, ४९

पहिले तीन बाइट मिळून एक पूर्णांक, पुढे किती बाइटचा मजकूर आहे ते सांगणारा. इथे तो ९. चौथा बाइट पॅकेटचा अनुक्रमांक, इथे ०. मग ३, म्हणजे 'ही क्वेरी आहे' ही आज्ञा. उरलेले आठ बाइट अक्षरांचे. शेवटचा ४९ हा क्वेरीतला '१' आहे, पण संख्या म्हणून नव्हे, अक्षर म्हणून. आस्की या अक्षरसंकेतात '१' या अक्षराचा क्रमांक ४९. एवढ्याशा पॅकेटमध्ये चार प्रकारचे बाइट आले: तीन बाइटची लांबी, एका बाइटचा क्रमांक, एका बाइटची आज्ञा आणि नुसती अक्षरं. त्यातल्या कशावरही त्याचा प्रकार लिहिलेला नाही. जागेवरूनच तो ओळखायचा.

इंटर्नच्या प्रश्नाचं उत्तर इथेच सुरू होतंय असं वाटतं.

९ जानेवारी, गुरुवार

साताऱ्याच्या मुलाने कालचं पॅकेट बघून विचारलं, "ताई, ९, ०, ० हे नऊशे का नाही?"

नऊशे नाही, पण त्याचं वाचन काही अगदी वेडंवाकडं नव्हतं. आपण डावीकडून वाचतो आणि डावीकडचा आकडा मोठ्या स्थानाचा असतो, ही सवय पहिलीपासूनची. इथे उलट आहे. पहिला बाइट एककाच्या स्थानावर, दुसरा २५६ च्या, तिसरा ६५,५३६ च्या. म्हणजे ९ + ० × २५६ + ० × ६५,५३६. या मांडणीला लिटल-एंडियन म्हणतात आणि या प्रोटोकॉलमधले सगळे पूर्णांक याच मांडणीत जातात. कोडमध्ये तोच शब्द येईल म्हणून तो एकदा देईन. पुढे प्रकरणभर 'एकक आधी' एवढंच लिहीन.

उदाहरण म्हणून चुकीच्या पासवर्डची त्रुटी घेतली, क्रमांक १०४५. त्रुटीच्या पॅकेटमध्ये पहिला बाइट २५५, मग दोन बाइटचा त्रुटी क्रमांक: २१, ४. आता २१ + ४ × २५६ = २१ + १०२४ = १०४५. मुलाने कागदावर स्वतः करून बघितलं. मग पासवर्ड मुद्दाम चुकवून वायरशार्कमध्ये तेच दोन बाइट शोधले आणि सापडल्यावर बाजूच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून दाखवले.

एक सावधगिरी लिहून ठेवते: उलटायचा असतो तो बाइटांचा क्रम. बाइटच्या आतले बिट (० किंवा १) उलटायचे नसतात. तो आज तेही उलटवून आला होता.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत, अर्धी सुट्टी. तिळाच्या वड्या थापता थापता आईला 'एकक आधी' समजावत होते. आई तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, म्हणजे बावीस! आधी दोन, मग वीस."

मी वडी हातात धरून तशीच थांबले. खरंच की. बावीस, पंचवीस, सत्तावन्न, अठ्ठ्याहत्तर: मराठीत शंभराच्या आतली संख्या बोलताना आपण एकक आधी उच्चारतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. दोन्ही मांडण्या आपल्या तोंडी आणि हाती लहानपणापासून आहेत. २०१९ मध्ये सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा वाद झाला होता. ऐकलेली संख्या लिहिताना मुलांना हाच उलटा क्रम अडतो आणि जोडाक्षरं जड जातात, हा त्यामागचा विचार होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तो निर्भीडपणे मांडला होता. आई तेव्हा नव्या पद्धतीच्या बाजूने होती. मी नव्हते. आज इंटर्नची अडचण जवळून बघितल्यावर तिचं म्हणणं मला जास्त कळतं.

आईने आणखी एक आठवण करून दिली. जुन्या संस्कृत ग्रंथांत संख्या शब्दांत सांगायची तर एककापासून सुरुवात करत आणि त्याचा नियमच होता: अंकानां वामतो गतिः। अंकांची चाल डावीकडे. पॅकेटमधला पूर्णांक वाचायला याहून नेमकं वाक्य मला सुचणार नाही. प्रकरणात घेतलं.

तुलना कुठे तुटते तेही लिहायला हवं. 'एकशे पंचवीस'मध्ये आधी शंभर, मग पाच, मग वीस. हा क्रम ना सरळ ना उलटा. गंमत म्हणजे असंही एक यंत्र होऊन गेलं. पीडीपी-११ या जुन्या संगणकावर ३२ बिटच्या संख्येचा वरचा अर्धा भाग आधी ठेवत, पण प्रत्येक अर्ध्याच्या आत लहान बाइट आधी. 'एकशे पंचवीस'ची ठेवण जवळपास तीच. आपल्या प्रोटोकॉलमध्ये असला मिश्र क्रम कुठेही नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज प्रकरणाचा गाभा: बदलत्या लांबीचा पूर्णांक. ठरावीक लांबीचे पूर्णांक १, २, ३, ४, ६ किंवा ८ बाइटचे असतात आणि किती बाइट वाचायचे ते आधीच ठरलेलं असतं. पण टेबलाच्या ओळीतल्या प्रत्येक मजकुराची लांबी, किती ओळी बदलल्या, शेवटचा आपोआप दिलेला क्रमांक काय, हे आकडे बहुतेक वेळा लहान आणि क्वचित प्रचंड असतात. प्रत्येकाला आठ बाइट देणं उधळपट्टी ठरेल. म्हणून पहिला बाइटच सांगतो की पुढे काय आहे. त्याला मी 'खूणबाइट' म्हणायचं ठरवलं.

पहिला बाइट ० ते २५० असेल तर तीच संख्या, काम संपलं. २५२ असेल तर पुढचे दोन बाइट वाचा, २५३ असेल तर पुढचे तीन, २५४ असेल तर पुढचे आठ. चार बाइटची पायरी नाही, तीनवरून थेट आठवर उडी आहे. इंटर्न हमखास चारची कल्पना करून घेतात, म्हणून हे ठळक केलं.

उदाहरणं हाताने काढली, मग लायब्ररीकडून ताडून घेतली:

२५० → २५०
२५१ → २५२, २५१, ०
३०० → २५२, ४४, १
६५,५३५ → २५२, २५५, २५५
६५,५३६ → २५३, ०, ०, १
१,६७,७७,२१५ → २५३, २५५, २५५, २५५
१,६७,७७,२१६ → २५४, ०, ०, ०, १, ०, ०, ०, ०

दुसरी ओळ पुन्हा पुन्हा बघण्यासारखी आहे. २५१ ही संख्या एका बाइटमध्ये मावते, तरी तिला तीन बाइट लागतात, कारण २५१ हा बाइट दुसऱ्या कामासाठी राखून ठेवला आहे. मजकुराच्या स्वरूपात येणाऱ्या ओळीत लांबीच्या जागी २५१ आला तर त्याचा अर्थ 'नल', म्हणजे इथे किंमतच नाही. रिकामा मजकूर वेगळा. त्याची लांबी ०, बाइट ०. नल आणि रिकामा यांतला भेद सगळे तोंडी सांगतात. इथे तो २५१ आणि ० असा समोर उभा दिसतो.

२१ जानेवारी, मंगळवार

जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

आमची लायब्ररी एका वाचनालयाच्या पुस्तकसूचीत वापरात आहे. तिथून कळवलं गेलं की एका विशिष्ट पुस्तकापाशी यादी कोलमडते, रकाने सरकतात, पुढची अक्षरं प्रश्नचिन्हांसारखी दिसतात. इंग्रजी पुस्तकांना काही होत नाही, मराठीतलीच अडतात. आधी सगळ्यांना वाटलं, कॅरेक्टर सेटचा, म्हणजे अक्षरसंकेताचा, घोळ असणार. दिवसभर त्याच वाटेने शोध चालला.

संध्याकाळी मी ती ओळ पकडली आणि परवाचा तक्ता शेजारी ठेवला. पुस्तकाच्या परिचयात ८० देवनागरी चिन्हं (काना-मात्रा धरून) आणि १२ मोकळ्या जागा. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. 'पुणे' हा शब्दसुद्धा प, उकार, ण, मात्रा अशा चार चिन्हांचा, म्हणजे १२ बाइटचा. तर परिचयाची लांबी ८० × ३ + १२ = २५२ बाइट. रोमन लिपीत तेवढीच ९२ चिन्हं ९२ बाइटमध्ये बसली असती.

सर्व्हरने बरोबर पाठवलं होतं: २५२, २५२, ० आणि मग मजकूर. पहिला २५२ खूणबाइट, पुढचे दोन मिळून लांबी. आमच्या वर्षभर जुन्या फंक्शनला २५१ चा नल ठाऊक होता, पण २५२ च्या पुढचं कुणी लिहिलंच नव्हतं. त्याने पहिला २५२ हीच लांबी धरली आणि पुढचे २५२ बाइट उचलले. त्यात दोन लांबीचे आले, म्हणून मजकुराचे शेवटचे दोन बाइट मागे राहिले. परिचय 'आहेत' या शब्दाने संपत होता. 'त'चे तीन बाइट २२४, १६४, १६४. मागे राहिलेल्यातला पहिला १६४ पुढच्या रकान्याची लांबी म्हणून वाचला गेला आणि तिथून सगळं भरकटलं.

आमच्या चाचण्यांमधला सगळा मजकूर रोमन लिपीतला आणि आखूड. २५० बाइट ओलांडणारी एकही ओळ नव्हती. पुण्यात बसून, मराठी वापरणाऱ्यांसाठी लायब्ररी लिहून, चाचणीत एकही मराठी वाक्य नाही, हे मला फार लागलं. आज रात्रीच दुरुस्ती केली आणि तीच ओळ चाचणीत कायमची ठेवली.

२४ जानेवारी, शुक्रवार

मंगळवारच्या घटनेनंतर प्रकरणाची रचनाच बदलली. प्रकारांप्रमाणे मांडलेले भाग मोडून जागांप्रमाणे मांडले: पॅकेटच्या डोक्यावर काय, आज्ञेच्या उत्तराच्या पहिल्या बाइटवर काय, मजकुराच्या ओळीत काय, बायनरी ओळीत (जिथे पूर्णांक अक्षरांऐवजी थेट बाइटांत येतात) काय. प्रत्येक भागाची सुरुवात त्याच प्रश्नाने: हा बाइट कुठे बसलाय?

कारण एकच बाइट जागा बदलली की अर्थ बदलतो. क्वेरीच्या उत्तराचा पहिला बाइट ० असेल तर 'काम झालं'. ओळीत लांबीच्या जागी ० असेल तर रिकामा मजकूर. २५१ ओळीत आला तर नल. पण क्वेरीच्या उत्तराचा पहिलाच बाइट २५१ असेल तर सर्व्हर क्लायंटच्या बाजूची फाइल मागतो आहे. २५५ उत्तराच्या सुरुवातीला त्रुटी. बदलत्या लांबीच्या पूर्णांकात तो खूणबाइट म्हणून कधीच येत नाही.

सगळ्यात नाजूक २५४. ओळी संपल्या हे सांगणारं पॅकेट २५४ ने सुरू होतं. आणि आठ बाइटच्या लांबीची खूणही २५४च. मग ओळींच्या मधे पहिला बाइट २५४ दिसला तर काय समजायचं? पॅकेटची लांबी बघायची. २५४ ही लांबीची खूण असेल तर तिच्यामागे आठ बाइट हवेतच, म्हणजे पॅकेट किमान नऊ बाइटचं. नऊपेक्षा लहान असेल तर ओळी संपल्या. नव्या पद्धतीत, जिथे शेवटाचं वेगळं पॅकेट सोडून दिलं आहे, तिथे शेवटचं 'काम झालं' पॅकेट २५४ ने सुरू होऊन लांबही असू शकतं. तिथे कसोटी वेगळी: पॅकेट १,६७,७७,२१५ बाइटचं पूर्ण भरलेलं नसेल तर तो शेवट. कारण २५४ ची खूण लागते तीच मुळी १,६७,७७,२१६ पासून, आणि एवढा मजकूर एका पॅकेटमध्ये मावतच नाही.

नियम पाठ करण्यापेक्षा ही कारणं कळणं मोलाचं आहे. या भागाला मी दोन पानं दिली. आमचे सर म्हणाले, "एवढं कशाला, दोन ओळींत होईल." मी त्यांना मंगळवारची ओळ दाखवली. ते म्हणाले, "राहू दे दोन पानं."

तीन बाइटच्या लांबीची आणखी एक कड इथेच नोंदवली. मजकूर नेमका १,६७,७७,२१५ बाइटचा असेल तर त्यापाठोपाठ एक रिकामं पॅकेट यावंच लागतं. नाहीतर वाचणाऱ्याला कळणार नाही की पुढे अजून आहे की संपलं.

२८ जानेवारी, मंगळवार

चिन्हाचा भाग. एका बाइटचा २५५ हा २५५ की उणे १? बाइट बघून सांगता येत नाही. रकान्याच्या वर्णनात झेंड्यांचा (होय-नाही सांगणाऱ्या बिटांचा) दोन बाइटचा पूर्णांक असतो, त्यातला ३२ चा बिट पेटलेला असेल तर रकाना बिनचिन्ही, म्हणजे त्यात उणे संख्या नाहीत. म्हणजे किंमत वाचायच्या कितीतरी आधी, वेगळ्या पॅकेटमध्ये आलेली माहिती जपून ठेवावी लागते. उलट दिशेने, आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरीला किमती पाठवताना, प्रत्येक किमतीच्या प्रकाराला दोन बाइट असतात. पहिल्यात प्रकार, दुसऱ्यात १२८ असेल तर बिनचिन्ही. दोन दिशांना दोन वेगळ्या जागा. आमच्या जुन्या प्रकरणात यातली एकच होती.

उणे संख्या समजावताना बारामतीच्या मुलीनेच वाट काढली. ती म्हणाली, "ताई, एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी. तसं उणे एक म्हणजे दोनशे छप्पनला एक कमी?" बरोबर तसंच. एका बाइटमध्ये उणे १ म्हणजे २५६ − १ = २५५, उणे १२८ म्हणजे २५६ − १२८ = १२८. तिचं वाक्य जसंच्या तसं प्रकरणात घेतलं.

तीच उणे १२८ मजकुराच्या ओळीत मात्र ४, ४५, ४९, ५०, ५६ अशी येते: चार अक्षरं, मग वजाचिन्ह, एक, दोन, आठ. साध्या क्वेरीच्या उत्तरात पूर्णांक आकड्यांच्या अक्षरांतच येतात, हे पुष्कळ अनुभवी लोकांनाही ठाऊक नसतं.

आठ बाइटच्या बिनचिन्ही रकान्यात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ पर्यंत संख्या बसते. जावा भाषेच्या 'लाँग' या पूर्णांक प्रकारात ती मावत नाही आणि जावास्क्रिप्टची साधी संख्या तर ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ च्या पुढे नेमकी राहात नाही. इशारा टाकला, उदाहरण टाकलं.

३० जानेवारी, गुरुवार

ऑफिसात आज निम्मे लोक घरून काम करत होते. सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढल्यामुळे धायरीकडून येणारे सहकारी उकळलेलं पाणी बाटल्यांतून घेऊन येतात. शांतता होती, काम भरपूर झालं.

विषय मीडियमइंट. हा पूर्णांकाचा प्रकार डिस्कवर तीन बाइट घेतो, चिन्हासह उणे ८३,८८,६०८ ते ८३,८८,६०७. पॅकेटच्या डोक्यावर तीन बाइटचा पूर्णांक असतोच, म्हणून वाचणारा सहज धरून चालतो की मीडियमइंटही तीन बाइटमध्येच येईल. तसं होत नाही. बायनरी ओळीत तो चार बाइटमध्ये येतो. साठवण वेगळी, वाहतूक वेगळी.

उदाहरणाला पिनकोड घेतला. पुण्याचे पिनकोड दोन बाइटच्या ६५,५३५ मध्ये मावत नाहीत, मीडियमइंटमध्ये आरामात मावतात. कोथरूडचा ४११०३८: बायनरी ओळीत १५८, ६९, ६, ०. हिशोब १५८ + ६९ × २५६ + ६ × ६५,५३६ = ४,११,०३८. शेवटचा ० बिनकामाचा दिसतो, पण तो वाचला नाही तर पुढचा रकाना एक बाइट सरकतो. मजकुराच्या ओळीत तोच पिनकोड ६, ५२, ४९, ४९, ४८, ५१, ५६. कोथरूडकडे रोज जाणाऱ्या मुलांना ही दोन रूपं लक्षात राहतील.

उणे १ मीडियमइंटमधून २५५, २५५, २५५, २५५ असं चार बाइटमध्ये पसरून येतं, हेही पकडून बघितलं. वर्षाचा प्रकार दोन बाइटचा: २०२५ म्हणजे २३३, ७.

टेबल बनवताना इंट (११) असं लिहिलेलं असतं त्यातल्या ११ चा बाइटांशी काही संबंध नाही. ती नुसती दाखवायची रुंदी. मायएसक्यूएलने ८.०.१७ पासून ती लिहिणं नकोसं ठरवलं आहे. एवढंच पुरे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बायनरी ओळीतला नल. इथे २५१ चालणारच नाही, कारण एका बाइटच्या पूर्णांकात २५१ ही खरी किंमत असू शकते. म्हणून ओळीच्या सुरुवातीला ० बाइट, मग प्रत्येक रकान्याला एक बिट अशी नलची पट्टी आणि मग किमती. नल रकान्याची किंमत येतच नाही, तिची जागाही सुटत नाही.

पट्टीत पहिले दोन बिट रिकामे सोडलेले असतात. म्हणून लांबी काढताना रकान्यांच्या संख्येत ९ मिळवून ८ ने भागायचं, बाकी सोडून द्यायची. सहा रकान्यांना एक बाइट, सात रकान्यांना दोन. क्लायंटकडून सर्व्हरकडे किमती जातात तेव्हाच्या पट्टीत मात्र हे दोन बिट सोडलेले नसतात. तिथे ७ मिळवून ८ ने भागायचं. सहा आणि सात रकान्यांची दोन टेबलं करून चारही पट्ट्या पकडल्या आणि चित्रासह लावल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

साताऱ्याच्या मुलाने पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसशी तुलना मागितली. अर्ध्या पानात दिली, जास्त नको. तिथे मोठं स्थान आधी: कोथरूडचा पिनकोड चार बाइटमध्ये ०, ६, ६९, १५८. संदेशाची लांबी चार बाइटची आणि ती स्वतःचे चार बाइटही मोजते. आपल्याकडे डोक्याचे चार बाइट लांबीत धरत नाहीत. नल सांगायला लांबीच्या जागी उणे १. बिनचिन्ही पूर्णांकांचे प्रकार तिथे मुळात नाहीत. पिनकोडाचे दोन्ही क्रम एकाखाली एक छापले. ते बघून तो म्हणाला, "एक बोललेलं बावीस, एक लिहिलेलं बावीस." आईला संध्याकाळी फोन करून सांगितलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

शेवटची तपासणी. दोघा इंटर्नना नवं प्रकरण दिलं, जुनं फंक्शन पुसून टाकलं आणि म्हटलं, मला काही न विचारता लिहा. मधे दोनदा चहा झाला. मुलीने एकदाच मान वर केली, वायरशार्कमध्ये काहीतरी शोधलं आणि पुन्हा खाली घातली.

पाच वाजता फंक्शन तयार होतं. चाचण्या चालवल्या: २५०, २५१, ६५,५३५, ६५,५३६ या कडेच्या संख्या, चारही नल-पट्ट्या, उणे १, पिनकोड, आणि वाचनालयाची ती २५२ बाइटची ओळ. सगळ्या पास झाल्या. मुलाने आणखी एक चाचणी स्वतःहून घातली होती, मी सांगितली नव्हती: ८३ देवनागरी चिन्हं सलग, २४९ बाइट, आणि ८४ चिन्हं, २५२ बाइट.

प्रकरण कोडच्या मुख्य शाखेत गेलं. उद्यापासून तारीख आणि वेळेचे प्रकार.